पाहुण्यांना दाखवायचा भंडारा

भंडारा शहर नागपूरच्या पूर्वेला साधारण साठ किलोमीटरवर, वैनगंगेच्या उजव्या तीरावर वसले आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग शहराला खेटून जातो, कारधा येथे नदी ओलांडतो आणि लाखनी, साकोलीमार्गे छत्तीसगडकडे वळतो. या रस्त्याने जाणाऱ्या बहुतेकांना भंडारा म्हणजे पुलाआधीची गर्दी एवढेच ठाऊक असते. दिवाळीनंतर मात्र चित्र बदलते. भाऊबीज आटोपली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू होतात, पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुले गावी परततात आणि त्यांच्यासोबत त्यांचे मित्रही येतात. पाहुण्यांना काय दाखवायचे, याची उत्तरे ठरलेली आहेत: नागझिऱ्याचे जंगल, गोसेखुर्द धरणाचे दरवाजे, चांदपूरचा मारुती, जमल्यास रावणवाडीचा जलाशय. ही ठिकाणे चांगलीच आहेत. पण एवढ्यावर पाहुणा परतला, तर दोन हजार वर्षांहून जुना इतिहास त्याच्या वाटेवर असूनही त्याला दिसलेला नसतो.

हा इतिहास विस्मरणात जायला काही ठोस कारणे आहेत. पवनीच्या उत्खननात सापडलेल्या शिल्पांपैकी बरीचशी नागपूरला गेली. जिल्ह्यातले हजारो तलाव ज्यांनी बांधले, त्यांनी शिलालेख कोरून ठेवले नाहीत. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांध, प्रतापगड अशी नावाजलेली ठिकाणे नकाशावर पलीकडे गेली. आज भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके उरले आहेत. त्यांचा इतिहास एखाद्या किल्ल्यात किंवा राजवाड्यात गोळा झालेला नाही. तो नदी, तलाव आणि घाट यांच्या आश्रयाने पसरला आहे. म्हणून भंडारा दाखवायचा, तर पाण्याच्या कडेकडेने फिरावे लागते.

सुरुवात शहरातूनच करता येते. भंडाऱ्याचे नाव नऊशे वर्षांपूर्वीच्या एका लेखात आहे. छत्तीसगडमधील रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेव पहिला याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात त्याला करभार देणाऱ्या प्रदेशांची यादी आहे. त्यात लांजिका आणि वैरागर यांच्या जोडीला भाणार हे नाव येते. लांजिका म्हणजे आजच्या मध्यप्रदेशातील लांजी, वैरागर म्हणजे गडचिरोलीतील वैरागड आणि भाणार म्हणजे भंडारा, असे अभ्यासक मानतात. बाराव्या शतकात या मुलखाचे राजकीय धागे पूर्वेकडे, महानदीच्या खोऱ्याकडे जुळलेले होते, हे या एका ओळीतून कळते. पश्चिमेकडून महाराष्ट्राचा इतिहास वाचणाऱ्याला ही गोष्ट सहसा सुचत नाही.

पुढच्या शतकात भंडाऱ्याचे नाव मराठी वाङ्मयातही येते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी एकटे फिरत असतानाच्या काळातील लीळा ‘लीळाचरित्रा’च्या एकांक भागात आहेत. त्यात नीळभट्ट भांडारेकार यांची स्वामींशी झालेली भेट सांगितली आहे. भांडारेकार हे नाव गावावरूनच पडलेले आहे. मराठीतल्या पहिल्या गद्य चरित्रग्रंथात आपले गाव आहे, ही गोष्ट भंडाऱ्याच्या शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवी.

शहरातला जुना किल्ला गवळ्यांनी बांधला, अशी लोकपरंपरा आहे आणि ती इंग्रजी गॅझेटियरनेही नोंदवली आहे. विदर्भात ज्या वास्तूचा कर्ता माहीत नसतो, ती गवळी राजांच्या नावावर जमा होते. इंग्रजांनी या किल्ल्यात तुरुंग थाटला. त्यामुळे शहराची सर्वांत जुनी मोठी वास्तू पाहुण्याला बाहेरूनच पाहावी लागते. खांब तलाव आणि त्याच्या परिसरातले बहिरंगेश्वराचे देऊळ मात्र सर्वांना खुले आहे. मेंढा भागातला भृशुंड गणेश विदर्भातल्या अष्टविनायकांत गणला जातो. शहराबाहेर नदीकाठच्या टेकडीवर कोरंभीची देवी आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा मुलूख धानासाठी महत्त्वाचा होता. १८१८ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचा पाडाव झाल्यावर काही वर्षे इंग्रज अधिकाऱ्यांनी भोसल्यांच्या नावाने येथला कारभार चालवला. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि लगोलग राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, १८६७ मध्ये भंडाऱ्याला नगरपालिका मिळाली. पुढे नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, पण ती शहरातून न जाता वरठीवरून गेली. भंडारा रोड या नावाचे स्थानक आजही वरठीलाच आहे. रेल्वे दूर राहिल्याने शहराची वाढ संथ झाली. त्याची एक चांगली बाजू अशी, की जुन्या वस्त्यांची मांडणी आणि तिथले धंदे बराच काळ टिकून राहिले.

त्यातला सर्वांत मोठा धंदा पितळेचा. भंडारा म्हटले की विदर्भातल्या जुन्या पिढीला पितळी गुंड, गंगाळ आणि घागरी आठवतात. लग्नात मुलीला द्यायची भांडी भंडाऱ्याहून आणायची, अशी अनेक घरांची रीत होती. गुंड घडवण्याचे काम पाहण्यासारखे असते. पितळेच्या पत्र्याच्या चकत्या कापून त्या ठोकत ठोकत खोलगट करतात. ठोकल्याने धातू कडक होतो, म्हणून तो मध्येमध्ये भट्टीत तापवून नरम करावा लागतो. घाई करून थंड पत्र्यावर घाव घातले, तर त्याला चीर जाते. खालचा आणि वरचा भाग वेगळे घडवून त्यांचा जोड झाळतात. मग संपूर्ण भांडे मठारतात, म्हणजे लहान हातोडीने एकसारखे, जवळजवळ ठोके देतात. मठारलेल्या भांड्यावर जे खवले चमकतात, ते शोभेसाठी असतात, असे बघणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्या ठोक्यांनी पत्रा दाट आणि मजबूत होतो. हात बसलेला कारागीर आवाजावरून ओळखतो, की पत्रा कुठे पातळ राहिला आहे. स्टेनलेस स्टील आणि नंतर प्लास्टिक आले, तसा हा धंदा आक्रसला. जे कारखाने उरले आहेत, ते पाहुण्यांना दाखवायलाच हवेत. भंडाऱ्याच्या कारागिरीचा हा शेवटचा टप्पा असू शकतो.

शहर सोडण्याआधी आणखी एका घटनेची आठवण द्यावी लागते. तिचे देऊळ नाही की तलाव नाही. मे १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. त्या वेळी हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. मुंबईतून १९५२ मध्ये पराभूत झाल्यावर ते राज्यसभेत गेले होते. लोकसभेत जाण्याचा हा त्यांचा दुसरा आणि अखेरचा प्रयत्न होता. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा आठ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राज्यघटनेचा शिल्पकार ज्या निवडणुकीत हरला, तिची आठवण जिल्ह्यात क्वचितच कोणी पाहुण्याला सांगतो. पराभव सांगायला अवघड जातो, हे खरे. पण अडीच वर्षांनी नागपूरला जे धर्मांतर झाले, त्यात भंडारा जिल्ह्यातली माणसे मोठ्या संख्येने होती, आणि ती दोन्ही पाने एकत्र वाचल्याशिवाय या भागाचा विसाव्या शतकातला इतिहास समजत नाही.

भंडाऱ्याहून दक्षिणेकडे, अड्याळमार्गे पवनीला जाता येते. एकच ठिकाण दाखवण्याइतका वेळ हाताशी असेल, तर ते पवनी असावे. गाव वैनगंगेच्या काठावर आहे. त्याला मातीचा प्रचंड तट आहे आणि तटाबाहेर खंदकाच्या खुणा आहेत. दगडी दरवाजा नंतरच्या काळातला, पण खालचा मातीचा बांध फार जुना आहे. पवनीच्या घाटांमुळे आणि देवळांच्या संख्येमुळे तिला विदर्भाची काशी म्हणतात. येथला पंचानन गणेशही अष्टविनायकांपैकी. एकाच पाषाणावर पाच गणेश कोरलेले आहेत, नेहमीची बसलेली मूर्ती येथे नाही. बहुतेक पाहुण्यांची पवनी येथे संपते. खरी पवनी गावाच्या कडेला, जगन्नाथ टेकडीत आहे.

बालसमुद्र तलावाजवळच्या या टेकडीला पिढ्यान् पिढ्या लोक टेकडीच समजत होते. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी त्याचे नेतृत्व केले आणि १९७२ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. टेकडीच्या पोटातून विटांचा मोठा बौद्ध स्तूप निघाला. त्याची सुरुवात मौर्यकाळाइतकी मागे जाते आणि नंतर त्याला दगडी कठडा, तोरण व प्रदक्षिणापथ यांची जोड मिळाली. गावाजवळच्या चांडकापूर आणि हरदोलाला या टेकड्यांमध्येही स्तूपाचे अवशेष आहेत. १९९४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा उत्खनन केले. एका गावाभोवती इतके स्तूप असणे म्हणजे तेथे श्रीमंत नगर आणि मोठा भिक्षुसंघ असणे. मध्य भारतात सांची आणि भरहुत यांची नावे सर्वांच्या तोंडी असतात. पवनी त्यांच्याच पंगतीची आहे, पण पाठ्यपुस्तकातल्या नकाशात तिला क्वचितच जागा मिळते.

पवनीच्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाही. ही शिल्पे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली, म्हणजे बुद्धाला मानवी रूपात न दाखवण्याच्या काळातली आहेत. बुद्ध आहे हे रिकाम्या आसनावरून, बोधिवृक्षावरून, धर्मचक्रावरून ओळखायचे. त्यातले एक शिल्प नजरेत भरते. रिकामे आसन आहे, आणि त्यावर फणा उभारलेला अनेक फण्यांचा नाग आहे. बाजूला ब्राह्मी लिपीत त्या नागाचे नाव कोरले आहे: मुचलिंद. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात असताना मोठे वादळ आले, तेव्हा नागराज मुचलिंदाने आपल्या वेटोळ्यांनी आणि फण्यांनी त्याचे पावसापासून रक्षण केले, ही ती कथा. पवनीच्या शिल्पकाराला बुद्ध दाखवायची गरज वाटली नाही, पण पाऊस अडवणारा नाग त्याने नावासकट कोरला. कठड्यांच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावेही आहेत. कोणी खांब दिला, कोणी आडवी शिळा दिली. विदर्भातल्या सामान्य माणसांची एवढी जुनी नावे असलेली ठिकाणे फार थोडी आहेत.

पवनीतच दोन महत्त्वाचे कोरीव लेखही सापडले. एका शिळेवर पावले कोरलेली आहेत आणि लेखात भार वंशातला राजा भगदत्त याचे नाव आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचला आणि प्रसिद्ध केला. भार या कुळाच्या नावाशी भंडाऱ्याच्या नावाचा संबंध असावा, असा एक तर्क त्यातून निघाला. दुसरा लेख एका स्मारकस्तंभावर आहे. तो महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या स्मरणार्थ उभारलेला. क्षत्रप हे शकांच्या राज्यव्यवस्थेतले पद. गुजरात-माळव्याकडचे हे नाव वैनगंगेच्या काठी कसे आले, यावर अभ्यासकांनी बरीच चर्चा केली आहे. सातवाहनांशी त्यांच्या ज्या लढाया चालल्या, त्यांचा एक पदर इथवर पोहोचला असावा, हे मान्य करण्याजोगे आहे.

आज जगन्नाथ टेकडीवर गेल्यास खणून काढलेल्या विटांच्या रचना पाहायला मिळतात, शिल्पे मात्र पाहायची तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजबबंगल्यात, जावे लागते. संग्रहालय १८६३ चे, जुने आणि विश्वासाचे. तरीही जिथे सापडले तिथे पाहण्याचा अर्थ वेगळा असतो. पवनीत एखादे छोटे स्थळ-संग्रहालय असावे, निदान मुचलिंद शिल्पाची चांगली प्रतिकृती तरी टेकडीजवळ असावी, ही मागणी वाजवी आहे. नागपूरहून पवनीला येणाऱ्या पाहुण्यांनी वाटेत आधी अजबबंगला पाहावा, हा त्यावरचा सध्याचा उपाय. पवनीजवळ रुयाड येथे जपानी बौद्धांच्या मदतीने उभारलेला महासमाधीभूमी हा नवा महास्तूप आहे. जुना आणि नवा स्तूप एकाच दिवशी पाहता येतात, ही सोय महाराष्ट्रात अन्यत्र सहज मिळत नाही.

पवनीपासून थोड्या अंतरावर गोसेखुर्द धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याचे भूमिपूजन झाले आणि पुढे त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. धरणाला तेहतीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की माणसे लांबून पाहायला येतात. पाहुण्याला दरवाजे दाखवावेत, पण मागे पसरलेल्या पाण्याखाली काय आहे, हेही सांगावे. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली अनेक गावे या पाण्यात गेली. पुनर्वसनाच्या वसाहतींत राहणारी, मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे आंदोलने करणारी कुटुंबे आजही या भागात आहेत. बुडालेल्या गावांच्या नावापुढे ‘नवीन’ किंवा ‘पुनर्वसन’ लावून नवी गावे वसली, पण नदीकाठच्या वाड्या, डोंगेवाल्यांचे घाट, कलिंगडाच्या वाड्या पुन्हा वसल्या नाहीत. धरणाचे पाणी फुगून भंडारा शहरापर्यंत येते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांतून सोडलेले पाणी आणि मुसळधार पाऊस एकत्र आले, तेव्हा भंडाऱ्याच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या.

याच पाण्याच्या वरच्या बाजूला आंभोरा आहे. वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा आणि कोलारी या पाच नद्यांचा येथे संगम होतो. चैतन्येश्वराचे मंदिर टेकडीवर असल्याने वाचले. खालचे जुने गाव हलवावे लागले. मंदिराचा काठ नागपूर जिल्ह्यात, समोरचा काठ भंडारा जिल्ह्यात. दोन्ही काठ जोडणारा केबलचा पूल २०२४ मध्ये खुला झाला. त्याच्या उंच मनोऱ्यात प्रेक्षकांसाठी सज्जा आहे आणि आता लोक मुख्यतः त्यासाठीच येतात. आंभोऱ्याचे खरे महत्त्व आहे ते मुकुंदराजामुळे. त्याचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये लिहिला गेला, असे मानतात आणि ज्ञानेश्वरीच्या आधीचा म्हणून तो मराठीतला आद्य ग्रंथ गणला जातो. मुकुंदराजावर मराठवाड्यातल्या अंबाजोगाईचाही दावा आहे, तिथे त्याची समाधी दाखवतात. वैनगंगेच्या तीरावरच्या अंबानगरीचा उल्लेख ग्रंथातच येतो, हा आंभोऱ्याच्या बाजूचा मुख्य पुरावा. हा उल्लेख मूळचा की नंतरचा, यावर वाद आहे. मंदिर परिसरात मुकुंदराजाच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथाची समाधी दाखवतात. वाद मिटो न मिटो, मराठी वाचणाऱ्या पाहुण्याने पुलावरच्या सज्ज्याआधी या टेकडीवर जावे.

उत्तरेकडचा तुमसर तालुका वेगळ्या प्रकृतीचा आहे. येथे सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात. अंबागडचा किल्ला त्यातल्याच एका टेकडीवर आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या वतीने शिवनीचा कारभार पाहणाऱ्या राजाखान पठाणाने १७०० च्या सुमारास तो बांधला. बख्त बुलंद म्हणजे नागपूर वसवणारा राजा. त्यामुळे अंबागड आणि नागपूर ही जवळपास समवयस्क भावंडे ठरतात. नंतर भोसल्यांच्या काळात किल्ल्याचा उपयोग कैदखान्यासारखा झाला. आतल्या एका विहिरीचे साचलेले विषारी पाणी पाजून कैद्यांना मारत, अशी कथा गॅझेटियरमध्ये आहे आणि गावातही सांगितली जाते. किल्ल्यावर चढण आहे, पण अवघड नाही. झाडी माजलेली असल्याने हिवाळ्यात, पाने गळू लागल्यावर जाणे सोयीचे.

तुमसर हे धानाच्या व्यापाराचे गाव, आणि त्याच्या उत्तरेला मॅंगनीजचा पट्टा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी कंपन्यांनी येथे खाणी उघडल्या. त्यांच्या मागोमाग छत्तीसगड आणि बालाघाटकडचे मजूर आले. आज डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथल्या खाणी मॉयल या सरकारी कंपनीकडे आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, चिखल्याची भूमिगत. डोंगरीच्या खनिजाचा उपयोग सुक्या बॅटरीसाठी होतो. ट्रान्झिस्टर आणि टॉर्चच्या जमान्यात देशभरच्या घरांत या टेकडीचा थोडासा अंश पोहोचलेला असणार. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तुमसरला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आंदोलक हुतात्मा झाले. त्यांचे स्मारक गावात आहे. बाजारासाठी थांबणाऱ्याने पाच मिनिटे तिथेही थांबावे.

तुमसरहून परतताना मोहाडी आणि आंधळगाव लागतात. येथे कोष्टी समाजाचे हातमाग आहेत. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून कोसा, म्हणजे टसर रेशीम, मिळतो. तो जंगलाकडेच्या धीवर कुटुंबांनी जोपासायचा आणि कोष्ट्यांनी विणायचा, अशी ही जुनी विभागणी आहे. करवतकाठी साडीचा काठ करवतीच्या दातांसारखा असतो. तो छापलेला किंवा शिवलेला नसतो. काठाचा आणि अंगाचा धागा वेगवेगळ्या धोट्यांनी विणतात आणि प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवतात, म्हणून एका मागावर एकूण तीन धोटे चालतात आणि काम दुप्पट लांबते. या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. खरी साडी ओळखायची, तर काठ उलटून पाहावा: दाते दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात.

साकोली, लाखनी आणि लाखांदूरकडचा भाग म्हणजे तलावांचा. अविभाजित भंडारा जिल्ह्यात तीन हजारांहून अधिक तलाव असल्याची नोंद इंग्रजांनी केली होती. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधले आहेत. बांधणारे प्रामुख्याने कोहळी समाजाचे. चांद्याच्या गोंड राजांनी जो जंगल तोडून तलाव बांधेल, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याचे धोरण ठेवले, अशी परंपरा आहे. कोहळ्यांनी ते संधी म्हणून घेतले आणि उसाची, धानाची शेती उभी केली. नवेगावबांधचा विशाल तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला, अशी ख्याती आहे. तो आज गोंदिया जिल्ह्यात असला, तरी साकोलीजवळचा शिवणीबांध त्याच परंपरेतला आहे आणि भंडाऱ्यातच आहे.

एक साधा तलाव जवळून पाहिला, की या लोकांचे ज्ञान कळते. जमिनीचा उतार पाहून तीन बाजूंना मातीची पाळ घालतात. चौथी बाजू उंच असते आणि तिकडून पावसाचे पाणी येते. जास्तीचे पाणी पाळ फोडू नये, म्हणून एका टोकाला सांडवा ठेवतात. शेतीला पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडुम असते. तुडुमाला वेगवेगळ्या उंचीवर भोके असतात आणि ती बुचांनी बंद केलेली असतात. पाणी भरपूर असते, तेव्हा सर्वांत वरचे भोक उघडतात. पातळी उतरत गेली, की एकेक खालचे. तलाव कितीही भरलेला असला, तरी पाणी वरच्या थरातून आणि ठरल्या जोराने बाहेर पडते, खालचा गाळ ढवळत नाही, पाटही फुटत नाही. पाण्याच्या वाटपासाठी गावाने एक माणूस नेमलेला असे. त्याला धानाच्या रूपात मोबदला मिळे.

इंग्रजी काळात हे तलाव मालगुजारांच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकांच्या, ताब्यात आले, पण गावकऱ्यांचे पाण्यावरचे, मासेमारीवरचे हक्क निस्तार पत्रकात लिहिलेले असत. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून तलाव सरकारचे झाले. म्हणून त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात ‘मामा’ तलाव म्हणतात. शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालगुजाराचा जाच गेला, हे चांगलेच झाले. पण पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे ही गावाने वर्षानुवर्षे केलेली कामे सरकारच्या फायलीत गेली आणि पाणीपट्टी लागू झाल्यावर जुन्या हक्कांवर वाद सुरू झाले. अनेक तलाव उथळ झाले, काठावर बेशरमाची झुडपे वाढली, तलावाच्या पोटात धानाच्या बांध्या आल्या. धीवरांच्या सहकारी संस्था काही ठिकाणी तलाव सांभाळत आहेत, गाळ काढण्याच्या योजनाही आल्या आहेत. तरीही कोणत्या तलावाची पाळ कोणी, केव्हा बांधली, याची गावनिहाय नोंद व्हायला हवी. जी माणसे ते सांगू शकतात, ती आता वयस्क आहेत. याच भागात पिंपळगाव आणि तिलोता खैरी येथे महापाषाण काळातले शिलाप्रकोष्ठ, म्हणजे शिळांच्या कोठड्या, आणि उभे दगड आहेत. तलाव बांधणाऱ्यांच्याही कित्येक शतके आधी येथे माणसे मेलेल्यांच्या आठवणीसाठी दगड उचलत होती.

पाहुणे दिवाळीत आले असतील, तर संध्याकाळ मंडईसाठी राखावी. धान कापणीच्या तोंडावर, बलिप्रतिपदा-भाऊबीजेपासून पुढे काही आठवडे, रोज कुठल्या ना कुठल्या गावी मंडई भरते. गोवारी मिरवणूक काढतात, सासरी गेलेल्या मुली येतात, दुकाने लागतात. रात्री दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्ये असतात. खडी गंमतीत शाहीर उभ्याने गातात. ढोलकी, डफ आणि तुणतुणे साथीला, आणि स्त्रीपात्र पुरुषच रंगवतो. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे सवाल-जवाब उत्तररात्रीपर्यंत रंगतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या दंडारीचा, झाडीबोलीचा आणि तिच्या शब्दसंग्रहाचा आयुष्यभर अभ्यास केला. ‘झाडीबोली साहित्य मंडळ’ त्यांच्याच प्रयत्नांतून उभे राहिले. महानुभाव ग्रंथांत या भागाला झाडी म्हटले आहे, हे त्यांनी वारंवार दाखवून दिले आणि आपली बोली गावंढळ आहे ही लाज अनेकांच्या मनातून काढली.

मंडईच्याच हंगामात झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. नाट्यकंपन्यांचे केंद्र लाखांदूरला लागून असलेल्या गडचिरोलीतील वडशाला आहे. गावात तात्पुरता रंगमंच उभारतात, तिकिटे विकतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपते आणि हजारो माणसे सतरंजीवर, शाल पांघरून बसून ते पाहतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्या महाराष्ट्राचे लक्ष या रंगभूमीकडे गेले. कोणत्या गावी कोणते नाटक आहे, हे चौकातल्या फलकांवरून आणि फिरत्या गाड्यांच्या भोंग्यांवरून कळते. हा हंगाम होळीच्या सुमारापर्यंत चालतो. त्यामुळे दिवाळीत ज्याला सुट्टी मिळाली नाही, त्या पाहुण्याने जानेवारी-फेब्रुवारीत येणेही सोयीचे. तेव्हा धान घरात आलेले असते, अंबागडची वाट मोकळी असते आणि शिवणीबांधवर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात.